शब्द हवा: ‘लॉसी कॉम्प्रेशन’ (संदर्भ फ्लोटिंग पॉइंट आकड्यांचा)

पाटीपेन्सिल
हवामानाच्या आकड्यांच्या फायली लहान कशा करायच्या, यावरच्या एका टिपणाचं मराठीकरण चालू आहे. फाइल दाबून लहान करणं म्हणजे कॉम्प्रेशन: ‘लॉसी’त थोडी माहिती कायमची जाते, ‘लॉसलेस’मध्ये उलगडल्यावर सगळं जसंच्या तसं मिळतं. फ्लोटिंग पॉइंट म्हणजे संगणकात अपूर्णांक ठेवायची पद्धत. यंत्राने दिलेल्या खर्ड्यात ‘तरंगत्या बिंदूंच्या विदेचे हानिकारक संपीडन’ असं रत्न निघालं (विदा म्हणजे डेटा). ‘हानिकारक’ अर्थातच खोडलं. त्या जागी ‘सहानी’ आणि लॉसलेसला ‘निर्हानी’ केलं, तर ‘सहानी’ आडनाव वाटतं असा शेरा आला. वाक्य साधं आहे: तापमानाचे आकडे आधी लॉसी पद्धतीने आणि मग लॉसलेस पद्धतीने कॉम्प्रेस करावेत. इंग्रजी शब्द तसेच ठेवले तर मराठी म्हणून ‘तापमानाचे आकडे आधी मग करावेत’ एवढंच उरतं. सुचवा.

शून्यलब्धी
‘घट’ आणि ‘बिनघट’. व्यापारातला रुळलेला शब्द, सगळ्यांना कळतो.

तिरपागडे
घट कशात? कॉम्प्रेशन म्हटलं की फाइलच्या आकारात घट होणारच, त्याचसाठी तर खटाटोप. ‘बिनघट कॉम्प्रेशन’ म्हणजे काहीच लहान न झालेली फाइल. मोलात घट म्हणायचं असेल तर ‘तूट’ बरं.

वैदर्भी
भाऊ, कापसाकडे बघा ना. जिनिंग-प्रेसिंग! आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढतात, मग रुई दाबून १७० किलोची गाठ बांधतात. गाठ सोडली की रुई तीच, पण निघालेली सरकी परत बोंडात जात नाही. तुमच्या वाक्यातलं ‘आधी लॉसी, मग लॉसलेस’ हेच आहे. म्हणून लॉसी म्हणजे ‘सरकी काढणे’, लॉसलेस म्हणजे ‘गाठ बांधणे’.

तिरपागडे
सरकी वाया कुठे जाते? तेल निघतं, पेंड निघते. आकड्यांतले काढून टाकलेले बिट कोणत्या म्हशीला घालणार?

रात्रपाळी
उपमा गमतीची, पण क्रम अगदी बरोबर आहे. सिंगल प्रिसिजनचा फ्लोटिंग पॉइंट आकडा ३२ बिटांचा: १ चिन्हाचा, ८ घातांकाचे, २३ मँटिसाचे, म्हणजे खुद्द अंकांचे. हवामानाच्या प्रारूपातून (मॉडेलमधून) आलेल्या तापमानाच्या शेवटच्या दहा-बारा बिटांत माहिती नसते, कचरा असतो. कचऱ्याला काही वळण नसतं, त्यामुळे झिप काय किंवा झेडस्टँडर्ड काय, ही लॉसलेस साधनं तिथे हात टेकतात. म्हणून आधी ते बिट शून्य करायचे. मग सगळ्या आकड्यांचे पहिले बाइट (आठ बिटांचे गट) एकत्र, दुसरे एकत्र, असे लावायचे; एचडीएफ-५ आणि नेटसीडीएफ-४ या फाइलप्रकारांत याला शफल म्हणतात. शेवटी नेहमीचं लॉसलेस. मँटिसाचे १२ बिट ठेवून ११ शून्य केले की चौथा बाइट सगळीकडे शून्य होतो आणि जवळजवळ फुकटात बसतो.

शब्दाबद्दल एकच अट. बिट नुसते छाटणे आणि जवळच्या किमतीला आसन्न करणे (राउंडिंग) यांना एकच शब्द देऊ नका. छाटलं की प्रत्येक आकडा शून्याकडे सरकतो आणि सरासरी एका बाजूला झुकते. आसन्न करताना चुका दोन्हीकडे पडून बऱ्याच अंशी फिटतात. १२ बिट ठेवायचे तर आकड्याचे ३२ बिट पूर्णांक म्हणून वाचा, त्यात १०२४ मिळवा आणि मग शेवटचे ११ बिट पुसा. (बरोबर मध्यावरचे आकडे सम बाजूला न्यायचे तर १०२३ मिळवून त्यात ठेवायच्या शेवटच्या बिटाची किंमत, म्हणजे ० किंवा १, मिळवा.)

सुईदोरा
‘शफल’ला कुणी ‘पिसणे’ म्हणण्याआधीच हरकत नोंदवते. पत्ते पिसले की विस्कटतात. इथे उलट, विस्कटलेलं एका रांगेत लागतं. हा ओळींचे रकाने करण्याचा प्रकार आहे. ‘प्रतवारी’ म्हणा हवं तर.

बाकी लॉसलेसला ‘घडी’ आणि लॉसीला ‘आटवणे’ हे मला सरळ वाटतं. साडीची घडी उलगडली की साडी जशीच्या तशी. आटवलेल्या दुधात पाणी ओतून दूध परत मिळत नाही, पण सत्त्व राहतं.

शून्यलब्धी
किती आटवायचं ते कोण ठरवणार? बासुंदी हवी की खवा?

रात्रपाळी
खरा प्रश्न तोच आहे आणि तो एकटा ‘लॉसी’ हा शब्द लपवतो. तापमान केल्विनमध्ये असेल तर २५६ ते ५१२ या पट्ट्यात घातांक एकच असतो. मँटिसाचे ७ बिट ठेवले तर दोन शेजारच्या किमतींत २ केल्विनचं अंतर, म्हणजे चूक १ केल्विनपर्यंत. निकामी! १२ बिट ठेवले तर अंतर ०.०६२५, चूक जास्तीत जास्त ०.०३१२५. तेच तापमान सेल्सिअसमध्ये लिहिलं की १६ ते ३२ अंशांच्या पट्ट्यात ७ बिटांनाही अंतर ०.१२५ एवढंच पडतं. एकक बदललं की त्याच ७ बिटांची लायकी बदलते.

म्हणून अनुवादात सापेक्ष चूक बांधलेली आहे की निरपेक्ष, हे आलंच पाहिजे. बिट मोजून ठेवण्यात चूक आकड्याच्या प्रमाणात बांधली जाते. एसझेडसारख्या लॉसी पद्धतीत ‘कुठेही ०.०१ पेक्षा जास्त चूक नको’ असं सांगता येतं. झेडएफपी या दुसऱ्या पद्धतीत आकड्यांच्या प्रत्येक ठोकळ्याला किती बिट द्यायचे तेही ठरवता येतं. द्विमितीत ठोकळा ४ × ४ चा, त्रिमितीत ४ × ४ × ४ चा.

पाटीपेन्सिल
मूळ टिपणात ‘१२ बिट ठेवा’ एवढंच आहे. एकक दिलेलं नाही.

रात्रपाळी
मग अनुवादकाची तळटीप टाका. आणि दुसरी टीप नसलेल्या नोंदींची. सीएमआयपीच्या (हवामान-प्रारूपांची तुलना करणाऱ्या जागतिक प्रकल्पाच्या) फायलींत जिथे आकडा नाही तिथे १०चा २०वा घात भरलेला असतो. वरची क्रिया त्यावरही चालवली तर तो सुमारे ०.९९९९८ × १०^२० होतो. मग वाचणाऱ्या प्रोग्रामला ती ‘नोंद नाही’ची खूण ओळखू येत नाही आणि समुद्राचं सरासरी तापमान सूर्यालाही लाजवतं. नॅनचंही (‘नॉट अ नंबर’, आकडा नसल्याची खूण) तसंच. ज्या नॅनचे मँटिसाचे सगळे बिट १ आहेत त्यात १०२४ मिळवले की हातचा चिन्हाच्या बिटापर्यंत जातो आणि हाती उणे शून्य येतं. या दोन्ही किमती आधी बाजूला काढायच्या.

मोडीवाचक
मुळात ‘संपीडन’ कशाला? ते हिंदीतून आलेलं पार्सल आहे. मराठीत ‘संकोचन’ आहे, ‘आकुंचन’ आहे. आणि ‘विदा’ हा शब्द विदा करा एकदाचा.

सुईदोरा
पार्सल कसलं? संस्कृत ‘पीड्’ म्हणजे दाबणे, पिळणे. आपलं ‘पिळणे’ त्यातूनच आलं. संपीडन आणि पिळणे हे चुलत भाऊ आहेत. एक शहरात गेला, एक घाण्यावर राहिला. आकुंचन मात्र आपोआप होतं, थंडीने धातूचं होतं तसं. इथे कुणीतरी दाबतंय.

मोडीवाचक
मग ‘पिळवणूक’ म्हणा! आणि ‘तरंगता बिंदू’ कुणाला चालतोय? बिंदू पाण्यावर आहे का?

शून्यलब्धी
हिंदीत ‘चल बिंदु’ म्हणतात, पण मराठी गणितात ‘चल’ म्हणजे व्हेरिएबल. गोंधळ होईल. ‘सरकता बिंदू’ घ्या. जर्मन लोक ‘ग्लाइटकोमा’ म्हणतात, म्हणजे सरकता स्वल्पविराम. त्यांच्याकडे दशांश चिन्ह स्वल्पविरामाचं असतं. फ्रेंचांचा स्वल्पविराम मात्र तरंगतो.

तिरपागडे
आपल्याकडेही शाळेत ‘दशांश चिन्ह’च म्हणतात, ‘दशांश बिंदू’ नाही. म्हणून ‘सरकचिन्ह संख्या’. त्यात जे सरकतं ते दोनच्या घातांवर सरकतं, दहाच्या नाही, हे मात्र कुठल्याच भाषेतल्या नावात येत नाही आणि सगळा घोळ तिथेच होतो. २३.४ डबलमध्ये (६४ बिटांच्या आकड्यात) नेमका बसत नाही. सोळाच्या पायात त्याचे बिट ४०३७ ६६६६ ६६६६ ६६६६. २३.५ नेमका बसतो: ४०३७ ८००० ०००० ००००. फेसबुकच्या २०१५ च्या गोरिला या लॉसलेस पद्धतीत मागच्या आकड्याशी एक्सॉर करून (जिथे बिट वेगळे तिथे १, सारखे तिथे ०) फक्त मधले वेगळे बिट लिहितात. या जोडीचा एक्सॉर केला की पुढे १६ शून्यं, मागे १, मध्ये ४७ बिट उरतात. खुणेचे २, पुढची शून्यं मोजायला ५, लांबीला ६ धरून ६० बिट लागले. ६४ चे ६०! त्यापुढे २४.५ आला तर मात्र १७ बिटांत काम होतं. दशांश अंशाची वाढ महाग आणि पूर्ण अंशाची स्वस्त. तोच आकडा पुन्हा आला तर १ बिट.

रात्रपाळी
म्हणून एका दशांश स्थळापर्यंतच्या नोंदींना एएलपीसारखी लॉसलेस पद्धत बरी. दहाने गुणून २३४, २३५ असे पूर्णांक करायचे, गटातला सर्वांत लहान वजा करायचा आणि उरलेला फरक मोजक्या बिटांत भरायचा. उलगडताना सांभाळायचं. २३४ ला १० ने भागलं तर २३.४ जसाच्या तसा मिळतो, पण ०.१ ने गुणलं तर २३.४००००००००००००००२ येतो. गंमत म्हणजे २३५ दोन्हीकडून बरोबर येतो, त्यामुळे दोन-चार आकडे तपासून खात्री वाटते आणि फसगत होते. भागाकार सावकाश चालतो म्हणून वेगासाठी गुणाकार करायचा मोह होतो. तो करायचा तर प्रत्येक आकडा दाबतानाच उलगडून बघायचा आणि न जुळणारा अपवाद म्हणून मूळ रूपात वेगळा ठेवायचा. एएलपी तेच करतं.

सुईदोरा
मग ही घडी की आटवण? मध्ये आकड्याचं रूपच पालटलं.

रात्रपाळी
घडीच. सगळे बिट परत आले की घडी. फक्त जुळणी बिट-बिट करायची. ‘समान आहे का’ असं विचारून चालत नाही: शून्य आणि उणे शून्य समान म्हणून निघतात, नॅन स्वतःशीही समान नसतो.

वैदर्भी
घडीत सुरकुत्या पडतात. गाठच बरी.

मोडीवाचक
गाठ सोडली तरी पीळ राहतो.

पाटीपेन्सिल
सोमवारी द्यायचं आहे हो. ‘लॉसी’चं काय करू?

तिरपागडे
आधी हे सांगा, ‘उणे शून्य’ की ‘ऋण शून्य’? टिपणात एकच काहीतरी ठेवा.