मदत हवी आहे: २०० मायक्रॉनची पॉलिहाउस फिल्म १४ महिन्यांत फाटतेय

फिल्मप्लांट: एलडी-एलएलडी (दोन्ही पॉलिथिनचेच प्रकार) ७०:३०. यूव्ही मास्टरबॅच (उन्हापासून वाचवणाऱ्या रसायनाचे दाणे) ३ टक्के टाकतो, तरी कडक होऊन फाटते. डोस ५ टक्के करू का? उद्या रन लावायचा आहे, लवकर सांगा.

रेणूबंध: ३ टक्के कशाचे? मास्टरबॅचमध्ये अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे खरं रसायन, किती? हॅल्स (उन्हाने सुरू झालेली झीज रोखणारं) की यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर (अतिनील किरण शोषणारं)? फाटली कुठे? पीक कोणतं?

फिल्मप्लांट: २० टक्क्यांचा हॅल्स, ९४४ ग्रेडचा. म्हणजे फिल्ममध्ये ०.६ टक्का. पाइपावर फाटते, मधेही फाटते. पिकाचा काय संबंध?

जीआयफिटर: पाइपच कारण. जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उन्हात तापतो, तिथे फिल्म आधी जाते. टेकते त्या अंगाला पांढरा वॉटरबेस रंग द्या आणि पूर्ण वाळल्यावरच फिल्म चढवा.

रेणूबंध: मधेही फाटते म्हणालेत ते. रंग द्याच, पण तेवढ्याने भागणार नाही. पीक सांगा, भुरीला (पानावरच्या पांढऱ्या बुरशीला) काय वापरतात तेही.

काळानळी: कार्बन ब्लॅक २.५ टक्के घाला. ठिबकच्या नळ्या त्यावरच टिकतात.

रेणूबंध: अहो, पिकाला उजेड लागतो.

फिल्मप्लांट: गुलाब. भुरीला सल्फर बर्नर (गंधक तापवून वाफ सोडणारा), आठवड्यातून ३ रात्री.

रेणूबंध: मग हेच. ९४४ हा अमाइन, म्हणजे अल्कलीधर्मी. गंधकापासून झालेलं आम्ल त्याचा क्षार करून टाकतं आणि फ्री रॅडिकल (उन्हाने तयार होऊन प्लास्टिक तोडणारे कण) पकडायचं त्याचं काम थांबतं. बर्नर जास्त तापून गंधक पेटलं तर सल्फर डायऑक्साइड होतो, मग आणखी लवकर. डोस वाढवून थोडे महिने मिळतील, मूळ दुखणं तसंच. एनओआर जातीचा हॅल्स घ्या, तो फार कमी अल्कलीधर्मी. जोडीला यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर आणि आम्ल शोषायला हायड्रोटॅल्साइट.

जुनाएक्स्ट्रूडर: एवढा खर्च कशाला? निकेल क्वेंचर (निकेल असलेलं, उन्हापासून वाचवणारं रसायन) घाला, गंधकाला दाद देत नाही.

रेणूबंध: टिकतो, खरं आहे. पण फिल्म हिरवट-पिवळी होते आणि जुनी फिल्म टाकताना निकेलचा प्रश्न उरतो. मी सुचवणार नाही.

जुनाएक्स्ट्रूडर: रंगाने उत्पादन घटत नाही.

फिल्मप्लांट: वाद नंतर घाला. ९४४ चा साठा पडून आहे, त्याचं काय?

रेणूबंध: गंधक न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाच्या फिल्मला चालेल. उद्याचा रन थांबवा. फाटलेल्या तुकड्यातलं गंधक आणि फवारणीतून आलेलं क्लोरीन आधी मोजून घ्या, आणि तुटेपर्यंत किती ताणते तेही. मूळच्या निम्म्याखाली आली असेल तर ती फिल्म संपली.

फिल्मप्लांट: मोजणी कुठे?

जीआयफिटर: संभाजीनगरच्या सिपेटला (केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेला) विचारा. पाइपावरचा आणि मधला, दोन्ही तुकडे वेगळे न्या.