दोरा आणि माती : घरातल्या एका कोपऱ्यातले अनुभव

शिवणयंत्राला वेगळी खोली नाही, कुंड्यांना अंगण नाही, तरी दोन्ही छंद जिवापाड जपणारे आपल्यात बरेच जण आहेत. म्हणून हा धागा. शिवून झालेल्या कपड्याचं आणि बहरलेल्या कुंडीचं कौतुक करूच, पण मला मधलं ऐकायचं आहे. कुठे उसवावं लागलं, कोणतं रोप गेलं आणि त्यातून हाताला काय उमगलं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

आईचं जुनं मशीन माझ्याकडे आलं तेव्हा पहिले तीन आठवडे कापडाखाली दोऱ्याचा गुंता व्हायचा. वरून टीप सरळ, उलटून पाहावं तर जाळं. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळी, पुन्हा पुन्हा भरली, ती जिच्यात बसते ते शटल काढून पुसलं, सुई बदलली. चूक भलतीकडेच होती. दोरा ओवताना मी प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली ठेवत होते. फूट खाली असला की टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात, त्यामुळे दोरा त्यांच्यामध्ये बसतच नाही. वरच्या दोऱ्याला ताण उरत नाही आणि तो ढिला दोरा खाली जाऊन साठतो. फूट वर करून दोरा ओवला, चाक हाताने दोनदा फिरवलं आणि एका चिंधीवर टीप मारली. दोन्ही बाजूंना सारखे टाके! ती चिंधी अजून मशीनच्या खणात आहे.

०००

ताई, तुमचा गुंता वाचून राहवलं नाही. मी हौसेने जुनी मशिनं उघडून साफ करतो. हाताच्या सुईला नेढं मागे असतं, मशीनच्या सुईला टोकाशी. अशी टोकाशी नेढं असलेली सुई आणि शटल यांच्या जोरावर दोन दोऱ्यांचा टाका घालणाऱ्या यंत्राचं पेटंट एलायस हाउ यांनी 1846 मध्ये घेतलं. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत, मधोमध एकमेकांत अडकले पाहिजेत. खालच्या बाजूला फासे दिसले तर आधी वरचा ताण तपासावा. हे एकदा समजलं की मशीनची भीती जाते, हा माझा अनुभव आहे.

०००

माझ्याकडे फक्त एक खिडकी आहे. पहिल्या वर्षी सहा रोपं गेली आणि सगळी माझ्या काळजीनेच गेली. मी रोज सकाळी पाणी घालत होतो. पानं पिवळी पडली की वाटायचं, तहानलंय. प्रत्यक्षात मुळं कुजत होती, कारण मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते आणि सतत ओल्या मातीत ती उरत नाही. आता मातीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घालतो. ओल लागली तर झारीला हातच लावत नाही. कुंडी जराशी उचलूनही बघतो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, त्यामुळे ओली आणि सुकी कुंडी हाताला लगेच ओळखू येते. तळाला खडे घालणंही सोडलं. पाणी त्यांच्या वरच्या मातीतच थांबतं. तळाला भोक आणि हलकी, भुसभुशीत माती, एवढं पुरतं.

०००

माझं थोडक्यात. कापड वाचवायला स्कर्ट आडवातिडवा बेतला. धुतल्यावर बाजूची शिवण फिरून पुढे आली. तेव्हापासून उभा धागा काठाला समांतर धरल्याशिवाय कात्री लावत नाही. सुती कापड आधी धुऊन घेते, कारण ते आटतं. आणि शिवणीत माया, म्हणजे टिपेच्या आतलं जादा कापड, भरपूर सोडते. सैल करायची वेळ आली की तीच कामी येते.

०००

मी दोन्ही छंद एकत्र केले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. जुन्या जीन्सचे पाय कापून झाडांसाठी पिशव्या शिवल्या. 14 नंबरची सुई लावली होती. जिथे दोन शिवणी एकमेकींवर येतात तिथे ती तुटली. मग 16 नंबरची घेतली. हिच्यावर 100 असंही लिहिलेलं असतं, म्हणजे जाडी 1 मिलिमीटर. टाका लांब ठेवला आणि जाड जागा चाक हाताने फिरवून ओलांडली.

पिशवीत झाड मस्त वाढलं. प्लॅस्टिकच्या कुंडीत मुळं कडेला पोचली की गोल गोल फिरत राहतात. कापडाच्या पिशवीत कडेला हवा लागून त्यांची टोकं सुकतात आणि मागून नवे फाटे फुटतात. मात्र पिशवी भराभर सुकते, त्यामुळे पाण्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आणखी एक फटका बसला. मी सुती दोरा वापरला होता. सतत ओलीत राहून तो कुजला आणि एके सकाळी तळ उघडून माती खाली पसरली. त्या दिवशी फार वाईट वाटलं, झाड फुलावर होतं. तसंच अलगद उचलून बादलीत बसवलं आणि ते जगलं. आता पॉलिस्टरचा दोरा वापरते, तळाला दुहेरी कापड आणि दोन टिपा.

०००

बंद बाल्कनीत टोमॅटोला फुलं यायची आणि गळून जायची. मधमाशी नाही, वारा नाही. टोमॅटोच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण पराग झडायला ते हलावं लागतं. मी दुपारी फुलांच्या देठांवर बोटाने हलक्या टिचक्या मारायला लागलो. काही दिवसांनी पाकळ्या वाळल्या आणि मागे मोहरीएवढा हिरवा मणी दिसला! तो मी घरातल्या प्रत्येकाला नेऊन दाखवला. पुढे काही फळांचं बूड काळं पडलं. तो रोग नव्हता, माझ्या पाण्याचा नेम नव्हता. त्यामुळे फळापर्यंत पुरेसं कॅल्शियम पोचत नाही. वेळ ठरवल्यावर पुढची फळं चांगली आली.

०००

माझ्याकडे मशीन नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा रात्री त्यांच्याजवळ जागायचं होतं आणि खडखड चालणार नव्हती. घरातल्या जुन्या कपड्यांचे चौकोन कापले आणि हाताने धावदोरा घालत जोडायला लागले. सुरुवातीचे टाके लांबलचक आणि वाकडे आहेत, चौथ्या ओळीपासून ते बारीक होत गेले. उसवून नीट करता आले असते, पण त्या ओळी तशाच ठेवल्या. बाबांना बोलायला त्रास व्हायचा, तरी एखाद्या तुकड्यावर बोट ठेवून ते बघायचे आणि मी सांगायचे, हा तुमचा निळा शर्ट, हा माझा शाळेचा फ्रॉक. पांघरूण अजून पुरं झालेलं नाही. शेवटच्या दोन ओळी राहिल्या आहेत आणि सुई त्यातच खोचलेली आहे.