फुटबॉलच्या मैदानावर लेकरांना विचारायचं, की नुसतं सांगायचं?

गोदाकाठ (परभणी)

दोन वर्षांपासून मी शनिवार-रविवार इथल्या मुलामुलींच्या फुटबॉलला वेळ देतो. पैसे घेत नाही. कोन लावणं, बॉलात हवा भरणं, कुणाचा गुडघा फुटला तर धुऊन पट्टी बांधणं, असली कामं. शिकवणारे सर वेगळे आहेत.

पहिल्या वर्षी गणेशोत्सवापर्यंत १९ मुली यायच्या. दिवाळीनंतर ७ उरल्या. आम्ही मोठी माणसं चहावर बसलो आणि ठरवून टाकलं की मुली टिकत नाहीत, घरचे पाठवत नाहीत. पुढं फेब्रुवारीत एकदा सर आले नव्हते, म्हणून सगळ्यांना लिंबाखाली बसवून सहज विचारलं, तर सहावीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, ज्या दिवशी नळाला पाणी येतं त्या दिवशी तुम्ही सराव ठेवता." आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही हे मला माहीत नव्हतं का? माझ्याही घरात तेच नळ, तेच ड्रम. पण माझ्या घरी पाणी मी भरत नाही. दोन सराव चुकले की सर संघातून काढायचे, आणि काढलेली मुलगी परत यायला लाजायची. एवढंच होतं ते. नळाला पाणी येत नाही त्या दिवशी सराव ठेवला आणि ११ जणी परतल्या.

तेव्हापासून दर शनिवारी १५ मिनिटं बैठक होते. दोन प्रतिनिधी, एक मुलगा आणि एक मुलगी. निवडणूक घेत नाही, चिठ्ठी टाकतो, आणि दोन महिन्यांनी बदलतो. सर आणि मी गोलाबाहेर बसतो. एका वहीत मागणी, उत्तर कोण देणार आणि कधीपर्यंत, हे लिहिलं जातं. "नाही" म्हणायचं असेल तर कारण लिहायचं.

माझं म्हणणं असं की मराठवाड्यात जे कुणी फुटबॉलसाठी स्वयंसेवा करतात, त्यांनी कोन लावण्याइतकंच हे काम मानावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं १२वं कलम सांगतं की मुलांशी संबंधित बाबीत त्यांचं मत ऐकलं जावं, आणि आपल्या देशानं तो करार १९९२ला मान्य केला आहे. इंग्लंडात काउंटी पातळीच्या फुटबॉल संघटनांना तरुणांच्या परिषदा जोडलेल्या असतात. आपल्या आठ जिल्ह्यांत असं काही का नसावं?

जुना गोलकीपर (निवृत्त क्रीडाशिक्षक, जालना)

पाण्याची गोष्ट मनाला लागली. पण तुम्ही एका चांगल्या अनुभवावरून फार लांब गेलात.

मी ३१ वर्षं मैदानावर काढली. धाराशिवच्या सारिका काळेला २०२०ला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोसारख्या खेळात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, रौप्य घेऊन आला. ही लेकरं घडली ती कष्टानं आणि शिस्तीनं. उठाबशा किती काढायच्या यावर कुणी त्यांचं मत घेतलं नसेल. आमच्याकडे बॉल फाटला तर दुसरा नसतो, गोलपोस्टला जाळी नसते. ज्याच्या पायात बूट नाही त्याच्या हातात तुम्ही वही देता. आधी बूट द्या.

गोदाकाठ

सर, उठाबशांचा प्रश्नच नाही, त्या आमचे शिकवणारे सर सांगतील तेवढ्याच. पण बुटांचं म्हणाल तर आम्हाला गेल्या वर्षी एका दानशूर व्यापाऱ्यानं ३० जोड दिले. सगळे मोठ्या मापाचे. कुणी मुलांना माप विचारलंच नव्हतं. निम्मे अजून खोक्यात आहेत.

शिट्टी (पंच, छत्रपती संभाजीनगर)

मी आमखास मैदानावर खेळून मोठा झालो, आता शालेय सामन्यांत शिट्टी वाजवतो. एक उदाहरण देतो.

१९९४च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच गोलात गेला. मायदेशी परतल्यावर मेदेयीन शहरात त्याचा खून झाला. त्याच शहरात पुढं टोळ्यांच्या वस्त्यांत फुटबॉलची एक वेगळी रीत सुरू झाली. सामन्याचे तीन भाग. पहिल्यात दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात परत बसून कोण नियमानं वागलं ते बोलतात आणि त्याचेही गुण मिळतात. पंच नसतो, मध्यस्थ असतो. पहिला गोल मुलीनंच करायचा, असाही नियम तिथं होता.

मी पंच असून सांगतो, हे मी १२ वर्षांखालच्या मुलांवर करून पाहिलं. पहिल्या दिवशी नुसता गोंगाट. चौथ्या रविवारी एक पोरगा स्वतः हात वर करून म्हणाला, "हँडबॉल माझाच होता." शिट्टीनं हे मला कधी जमलं नव्हतं. आणि नियमपुस्तकाला धक्का लागतो असंही नाही. लहान गटांसाठी मैदानाचा आकार, सामन्याची वेळ, बदली खेळाडूनं परत येणं, हे सगळं बदलायला नियमच परवानगी देतात.

जुना गोलकीपर

मेदेयीन कुठं आणि परभणीकडचं आपलं मानवत कुठं! तिथं टोळ्या होत्या, इथं दुसरंच आहे. चार पोरं गोलात बसली की कोण बोलतो? ज्याच्या बापाची चारचाकी मैदानाच्या कडेला उभी असते तो. ज्याचा बाप त्याच बापाच्या शेतात सालगडी आहे, ते लेकरू मान खाली घालून बसतं. मैदानावर बॉल सगळ्यांना सारखा होता, तुम्ही बोलणं आणलं आणि गावातली उतरंड आत आणली. मी शिस्त म्हणतो ती यासाठी. माझ्या एका शिट्टीत सरपंचाचं पोरगंही पळायचं.

गोदाकाठ

हा तुमचा सगळ्यात जड मुद्दा आहे, आणि चिठ्ठीनं तो पुरता सुटत नाही. आमच्याकडेही पहिले काही आठवडे तीनच मुलं बोलत होती. मग बोलण्याआधी प्रत्येकानं कागदावर एक ओळ लिहायची, नाव न घालता, असं केलं. ज्याला लिहिता येत नाही तो चित्र काढतो. पण सर, उतरंड मैदानात आधीपासून होती. तुमच्या शिट्टीनं ती झाकली जायची, आणि पास कुणाला द्यायचा नाही हे पोरं तेव्हाही ठरवूनच यायची.

लातूरची आई

मी विरोधात आहे, पण कारण वेगळं. माझा मुलगा नववीत आहे. इथं क्लासचं वेळापत्रक पहाटे सुरू होतं. मैदानावर त्याला विचारलं जातं, म्हणून तो घरीही विचारा म्हणतो. क्रीडागुण मिळणार आहेत, हे एकच उत्तर त्याच्या वडिलांना पटतं. उद्या मुलांच्या बैठकीत रोज दोन तास सराव ठरला, तर आम्ही काय करायचं?

दुसरं जास्त महत्त्वाचं. हे स्वयंसेवक कोण असतात? शिक्षकाची नेमणूक तरी कागदावर असते. "मुलांचं ऐकतो" म्हणत कुणीही दादा माझ्या मुलाशी रात्री फोनवर बोलणार असेल तर मला ते चालणार नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२चा पोक्सो कायदा उगाच आला नाही.

बालाघाट (जिल्हा परिषद शिक्षक, बीड)

ताईंचं दुसरं म्हणणं सगळ्यांनी आधी वाचावं, मग पुढचं.

आमच्या शाळेत सप्टेंबरात १४ जणांचा संघ असतो. दसरा झाला की ट्रॅक्टर लागतात, निम्म्या घरांतले कोयते, म्हणजे ऊसतोड जोडपी, साखर कारखान्यावर जातात, मागं हंगामी वसतिगृहात राहतील ती लेकरं राहतात. आणि गावोगावच्या स्पर्धा कधी? डिसेंबर-जानेवारीत. मैदान कोरडं असतं, वर्गणी जमते, पाहुण्यांना वेळ असतो. सगळं मोठ्यांच्या सोयीचं. मी स्वतः अशा स्पर्धा भरवल्या आहेत, हे सांगायला हवं.

मागच्या वर्षी परत आलेला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, पट्टा पडल्यावर ठिवा की." कारखाना बंद झाल्यावर, म्हणजे एप्रिलात. मी म्हणलं ऊन किती असतं. तो म्हणाला, "उसाच्या फडात काय सावली असती का?" आम्ही सकाळी साडेसहाला सुरू केलं, पाच-पाच जणांचे संघ, दहा-दहा मिनिटांचे दोन डाव, नऊच्या आत संपवलं. ज्यांनी आयुष्यात सामना खेळला नव्हता अशी आठ लेकरं त्यात खेळली. आता पालक त्या तारखा विचारून ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाशी बोलायलेत.

पाठीवर ७ (नांदेड)

मी १८ वर्षांची, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. अकराव्या वर्षापासून खेळते. वर सगळे आमच्याविषयी बोललात, म्हणून लिहिते.

काकू, तुम्ही घाबरता ते बरोबर आहे. पण आमच्या जुन्या मैदानावर एक माणूस मुलींना किक शिकवताना नको तिथं हात लावायचा. आम्हाला तो प्रकार सांगायला दीड वर्ष लागलं, कारण सांगायचं कुणाला तेच ठरलेलं नव्हतं. सर कडक होते. सरांपुढं आम्ही पाणी प्यायला जाऊ का हेही भीतभीत विचारायचो. शिस्त मोडेल म्हणून गप्प बसलो. तेव्हा दर शनिवारची अशी बैठक असती, नाव न घालता एक ओळ लिहायला कागद असता, तर पहिल्याच आठवड्यात मी लिहिलं असतं.

स्वयंसेवक तपासून घ्या, नियम करा, एकट्या मुलीशी एकट्यानं बोलू नका. पण आम्हाला विचारणंच बंद करू नका.

जुना गोलकीपर

बाळा, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. माझ्यापुढंही कोण कोण गप्प बसलं असेल, हे आता मला कळायचा मार्ग नाही. वही आणि कागद ठेवा. शाळेतही ठेवा.

मात्र अकरा जणांत कोण खेळणार आणि कोण बाकावर बसणार, हे मी लेकरांच्या हाती देणार नाही. तिथं मैत्री, जात, गल्ली सगळं येतं. त्यावर माझं मत बदललेलं नाही.

शिट्टी

सर, निवड प्रशिक्षकाचीच. पण बाकावर बसलेल्याला कारण विचारता आलं पाहिजे. मी तेवढ्यावर अडून राहीन.

गोदाकाठ

निवडीवर वाद राहू द्या, आमच्याकडेही तो मिटलेला नाही.

लातूरच्या ताई, तुम्ही लिहिल्यानंतर आम्ही कालच चार गोष्टी ठरवल्या. मुलांशी वैयक्तिक फोन-मेसेज बंद, निरोप फक्त पालकांच्या गटावर. बैठकीच्या वेळी एक आई कायम हजर, पण गोलाबाहेर, आम्हा दोघांसारखी. आणि सरावाचे तास बैठकीत ठरणार नाहीत, फक्त दिवस आणि वेळ. नवा स्वयंसेवक दोन पालकांना भेटल्याशिवाय मैदानात उतरणार नाही.

वरच्या पातळीचं बोलायचं तर जिल्हा क्रीडा परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वहीतल्या ज्या मागण्या आमच्या आवाक्याबाहेर आहेत त्या मुलांच्याच अक्षरात त्यांच्याकडे न्यायच्या आहेत. पहिली मागणी मुलींच्या स्वच्छतागृहाची. जूनमध्ये एका सातवीतल्या मुलीनं लिहिली होती, "उत्तर कधीपर्यंत" या रकान्यात तिनं दिवाळी लिहिलंय. बालाघाट गुरुजी, जुना गोलकीपर सर, अर्जाचा मसुदा पाठवतो, सहीला या.