मदत हवी आहे: मेकफाइल, तयार होणारी हेडर फाइल आणि समांतर बिल्डचा घोळ. मेसनवर जावं का?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा सी प्रोग्रॅम आहे. पेजमेकरच्या काळात बिगर-युनिकोड फाँटांत टाइप झालेला मराठी मजकूर तो युनिकोडमध्ये आणतो. एका वाचनालयाचे जुने दिवाळी अंक आम्ही काही जण हौसेने त्यातून काढतोय. प्रोग्रॅम छान चालतोय, गाडी अडलीय ती बिल्डपाशी, म्हणजे सी कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यापाशी.

जुन्या फाँटातल्या कुठल्या खुणेचं युनिकोडमध्ये काय करायचं, हे तक्ता.टीएक्सटी या साध्या फाइलमध्ये आहे. मुद्दाम साधी ठेवलीय, कारण ती दुरुस्त करणारी माणसं मुद्रितशोधक आहेत. त्यांना सी येत नाही आणि यायची गरजही नाही. एक पायथन स्क्रिप्ट तो तक्ता वाचून तक्ता.एच ही हेडर फाइल बनवते. मुख्य प्रोग्रॅम आणि चाचण्यांचा प्रोग्रॅम, दोन्हींच्या सी फाइली ती इन्क्लूड करतात.

बिल्ड करतं मेक हे साधन, आणि काय कशापासून बनवायचं ते त्याला मेकफाइल सांगते. ती अशी: 'ऑल'च्या ओळीत आधी तक्ता.एच, मग दोन प्रोग्रॅम. तक्ता.एच अवलंबून आहे तक्ता.टीएक्सटी आणि स्क्रिप्टवर. स्क्रिप्टचं आउटपुट रिडायरेक्ट करून ती फाइल बनते. .सी वरून .ओ (कंपाइल झालेली फाइल) बनवायला नेहमीचा टक्केवाला पॅटर्न रूल.

आता त्रास. तक्ता बदलून मेक चालवलं की तक्ता.एच नवी बनते, पण .ओ फाइली जुन्याच राहतात. परवा एका काकांनी 'ऱ्य'ची नोंद दुरुस्त केली, तरी सह्याद्रीवरच्या लेखात 'दऱ्या'च्या जागी 'दर्या'च येत राहिलं. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. काकांना वाटलं आपलंच काही चुकलं. मेक क्लीन करून, म्हणजे बनलेल्या फाइली पुसून, पुन्हा बिल्ड केलं तेव्हा बरोबर आलं.

दुसरं म्हणजे डॅश जे ८ (एका वेळी आठ कामं) देऊन बिल्ड केलं की कधी सुरळीत होतं, कधी 'तक्ता.एच अशी फाइल नाही' म्हणून थांबतं. आणि तक्त्यात एखादी ओळ बिघडून स्क्रिप्ट मध्येच थांबली, तर अर्धवट तक्ता.एच मागे राहते आणि पुढच्या वेळी मेकला ती ताजी वाटते.

'दर वेळी आधी क्लीन करा' हा सल्ला मिळालाय, पण तो मला पटत नाही. काकांनी केलेली दुरुस्ती त्यांना लगेच दिसायला हवी. मशीन उबुंटू २२.०४, कंपायलर जीसीसी. मेकच दुरुस्त करावं की मेसनसारखं दुसरं बिल्डचं साधन वापरावं?

प्रतिसाद १

ताई, पहिल्या दोन त्रासांचं मूळ एकच आहे. तुमच्या .ओ फाइली तक्ता.एच वर अवलंबून आहेत, हे मेकफाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नाही. मेक तुमचा सी कोड वाचत नाही. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये ते लिहिलं तेव्हापासून त्याचा हिशोब दोनच गोष्टींवर चालतो: कोण कोणावर अवलंबून हे तुम्ही लिहिलेलं, आणि फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ. 'ऑल'च्या ओळीत तक्ता.एच पहिली आहे म्हणून ती आधी बनते, हे साध्या मेकपुरतं खरं, कारण ते डावीकडून उजवीकडे जातं. डॅश जे दिलं की सगळी कामं एकदम सुटतात आणि त्या क्रमाला काही अर्थ उरत नाही.

कंपायलरच्या फ्लॅगांत डॅश एमएमडी आणि डॅश एमपी घाला. मग जीसीसी कंपाइल करता करता प्रत्येक .ओ शेजारी एक .डी फाइल लिहितो. त्या सी फाइलने कुठकुठल्या हेडर उघडल्या त्याची यादी तिच्यात असते, तीही मेकला कळेल अशा रूपात. मेकफाइलच्या शेवटी या .डी फाइली इन्क्लूड करा. इन्क्लूडच्या अलीकडे डॅश लावा, म्हणजे त्या नसल्या तरी मेक कुरकुरणार नाही. एमपी अशासाठी, की उद्या एखादी हेडर काढून टाकलीत तर जुन्या .डी मधलं तिचं नाव बिल्ड अडवतं, ते टळतं.

पण पहिल्याच बिल्डला .डी फाइली नसतात. त्यासाठी एक ओळ: सगळ्या .ओ फाइलींची यादी, कोलन, उभी रेघ, तक्ता.एच. उभ्या रेघेच्या पुढचं म्हणजे 'हे आधी तयार असू दे, पण केवळ ते नवं झालं म्हणून मला पुन्हा बनवू नको'. पुन्हा बनवायचं की नाही ते पुढच्या वेळेपासून .डी ठरवते.

अर्धवट फाइलीसाठी टिंब देऊन डिलीट-ऑन-एरर हे खास टार्गेट लिहा, कॅपिटलमध्ये आणि शब्दांमध्ये अंडरस्कोर. कमांड फसली तर जीएनयू मेक ते अर्धवट आउटपुट पुसून टाकतं. हे आपोआप व्हायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे, पण होत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. सगळं केलं. तक्त्यात 'ऱ्य'ची ओळ बदलली, मेक चालवलं, आणि ज्या फाइली तक्ता.एच उघडतात तेवढ्याच पुन्हा कंपाइल झाल्या. डॅश जे ८ लाही तक्रार नाही.

तरी दोन गोष्टी राहतात. कंपायलरला कोड किती वेगवान करायचा ते सांगणारा फ्लॅग, डॅश ओ० चं डॅश ओ२ केलं तर काहीच पुन्हा बनत नाही. आणि उभी रेघ, इन्क्लूडमागचा डॅश, हे आमच्या गटात दुसऱ्या कुणाला वाचून कळणार नाही. उद्या मी नसले तर हे कुणी सांभाळायचं? म्हणून मेसनबद्दल अजून विचारतेय.

प्रतिसाद २

ताई, तुमची गरज पाहता मी मेसनच सुचवेन. फिनलंडच्या युसी पाकानेन यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २०१३ ची. देवनागरीची जोडाक्षरं पडद्यावर जुळवणारी हार्फबझ लायब्ररीसुद्धा मेसनवर बिल्ड होते. त्याच्या भाषेत स्वतःची फंक्शनं लिहिताच येत नाहीत. काय बनवायचं आणि कशापासून, एवढंच सांगायचं. त्यामुळे दुसऱ्याची फाइल वाचताना फारसं अडत नाही.

मेसन डॉट बिल्ड फाइलमध्ये तुमच्यासाठी चार गोष्टी पुरतील. प्रोजेक्टचं नाव आणि भाषा. मग तक्ता.एच साठी कस्टम टार्गेट: इनपुट तक्ता.टीएक्सटी, आउटपुट तक्ता.एच, कमांडमध्ये स्क्रिप्ट, आणि कॅप्चर ट्रू. कॅप्चरमुळे स्क्रिप्टचं आउटपुट मेसन स्वतः फाइलमध्ये उतरवतं, स्क्रिप्टला हात लावावा लागत नाही. आणि स्क्रिप्ट फसली तर फाइल लिहिलीच जात नाही. मग दोन एक्झिक्युटेबल.

बहुतेक जण अडकतात ते इथे. नुसतं कस्टम टार्गेट लिहून भागत नाही. त्याचं व्हेरिएबल ज्या ज्या एक्झिक्युटेबलमध्ये ती हेडर लागते, त्या प्रत्येकाच्या सोर्सच्या यादीत द्यायचं. चाचण्यांच्या प्रोग्रॅममध्ये द्यायचं राहिलं, तर तोच 'फाइल नाही'चा लपंडाव पुन्हा सुरू. म्हणून मी डिक्लेअर डिपेंडन्सी वापरतो: तिच्या सोर्सेसमध्ये तक्ता.एच चं व्हेरिएबल ठेवायचं आणि दोन्ही एक्झिक्युटेबलना ती डिपेंडन्सी द्यायची. हेडर एकदाच बनते आणि ती बनेपर्यंत त्या दोन्हींचं कंपाइल थांबतं.

.डी फाइलींचं काम मेसन स्वतःच लावून देतं. प्रत्यक्ष बिल्ड करतं निंजा, जे इव्हान मार्टिन यांनी गुगलमध्ये क्रोमच्या बिल्डसाठी लिहिलं. कुठली फाइल कुठल्या कमांडने बनली याची नोंद निंजा ठेवतं, त्यामुळे ओ० चं ओ२ झालं की सगळं पुन्हा कंपाइल होतं.

दोन गोष्टी आधीच सांगतो. सी फाइली एकेक नावाने लिहाव्या लागतात, 'फोल्डरातल्या सगळ्या' असं सांगायची सोय मेसनने मुद्दाम ठेवलेली नाही. आणि बिल्ड वेगळ्या फोल्डरातच होतं. त्याचा फायदा असा, की तक्ता.एच तुमच्या सोर्समध्ये पडत नाही आणि चुकून गिटमध्ये जात नाही. जुनी तक्ता.एच सोर्स फोल्डरातून मात्र आठवणीने काढा. इन्क्लूड करणाऱ्या सी फाइलीच्या शेजारी ती राहिली, तर कंपायलर आधी तीच उचलेल.

उबुंटू २२.०४ च्या रेपॉझिटरीत मेसन ०.६१ आहे, या कामाला ते भरपूर झालं.

धागाकर्ती

जमलं! जुनी तक्ता.एच खरंच सोर्समध्ये पडून होती, तुमच्या सूचनेमुळे वेळेत काढली. मेसनची फाइल मेकफाइलच्या निम्मीही नाही, आणि गटातल्या एका विद्यार्थ्याने ती न विचारता वाचून दाखवली. काकांना आता 'मेसन कंपाइल' एवढीच कमांड दिलीय.

एकच शंका. स्क्रिप्ट बदलली तर तक्ता.एच पुन्हा बनते, पण ती स्क्रिप्ट जी दुसरी पायथन फाइल इम्पोर्ट करते, ती बदलली तर बनत नाही. असं का?

प्रतिसाद २

कमांडमध्ये दिलेली स्क्रिप्ट मेसनला दिसते, तिच्या आतले इम्पोर्ट दिसत नाहीत. कस्टम टार्गेटमध्ये डिपेंड फाइल्स नावाचं आर्ग्युमेंट आहे, त्यात त्या दुसऱ्या फाइलचं नाव फाइल्स फंक्शनमध्ये घालून द्या. पुढे आणखी इम्पोर्ट वाढले तर तेही त्याच यादीत.

धागाकर्ती

दिलं, आणि लगेच पुन्हा बनली. दोघांचेही आभार. मेसनची फाइल आणि मेकची दुरुस्त फाइल, दोन्ही आमच्या रेपॉझिटरीत ठेवतेय, ज्यांना मेकवरच राहायचंय त्यांना तीही उपयोगी पडेल.