सामायिक मेंढ्याशिवाय तुलना कशी करणार?

छोट्या कळपांच्या मेंढपाळांनी मिळून पैदास करायची, तर ‘प्रत्येकाने आपल्या कळपातला सगळ्यात वजनदार नर पुढे करावा’ असं सुचवलं जातं, ते मला पटत नाही. एकत्र येणं मात्र हवंच. छोट्या कळपात निवडीला वाव नसतो, आणि थोड्या पिढ्यांत नात्यातच पैदास सुरू होते. पण काट्यावरच्या वजनात चारा, आईचं दूध, जन्माची वेळ सगळंच मिसळलेलं असतं. एकटं जन्मलेलं कोकरू बहुतेक वेळा जुळ्यापेक्षा जड भरतं. त्यामुळे नुसतं वजन बघून निवडत गेलो तर जुळी देणाऱ्या मेंढ्यांचे नर आपणच बाद करत राहतो. आणि जुळ्यांचा गुण आधीच फार कमी वारशाने उतरतो, 0 ते 1 च्या मापावर साधारण 0.1 च्या आसपास, म्हणजे नुकसान भरून काढायला वर्षं जातात.

या सूचनेत राहून गेलेली गोष्ट म्हणजे सामायिक नर, म्हणजे सगळ्या कळपांत वापरलेला एकच मेंढा. तुमची कोकरं माझ्यापेक्षा जड असतील, तर ते रक्तामुळे की चांगल्या चराईमुळे? दोन्हीकडे एकाच मेंढ्याची पिल्लं असतील तरच ते वेगळं काढता येतं. ब्रिटनमधल्या सायर रेफरन्स (सामायिक नरांवरून कळपांची तुलना करणाऱ्या) योजना याच पायावर उभ्या राहिल्या. असे मोजके नर दरवर्षी सगळ्या कळपांत थोड्या थोड्या मेंढ्यांवर वापरायचे आणि पिल्लांच्या नोंदी एकत्र ठेवायच्या. मेंढीत गोठवलेलं वीर्य गर्भाशयमुखातून सोडून गाभण राहण्याचं प्रमाण कमीच असतं, त्यामुळे बऱ्याचदा जिवंत नरच फिरवावा लागतो. तेव्हा प्रत्येक कळपात सोडण्याआधी त्याची ब्रुसेला (संगातून पसरणारा रोगजंतू) तपासणी कराच, ती टाळू नका.