खजिनदारांचं कोपर

ए-२०३ काका (खजिनदार): मंडळी, ऑडिटची फाईल आज होत नाही. डाव्या कोपरावर लिंबाएवढं टम्म आलंय. फारसं दुखत नाही, पण दाबलं की आत पाणी डुचमळतं. फोटो टाकलाय.

सी-१०१: बाप रे! सुई गरम करून पाणी काढून टाका काका. सोपंय.

ए-४०२ काकू: आंबेहळद उगाळून लावा भावजी.

बी-५०४ ताई (फिजिओ): सुई कोणीही लावू नका!! काका, हात नीट वळतो का?

ए-२०३ काका: वळतो की. पूर्ण.

बी-५०४ ताई: मग सांधा ठीक असावा. बर्सायटिस वाटतोय. कोपराच्या टोकावर, हाड आणि कातडीच्या मध्ये एक चपटी पिशवी असते, बर्सा. सारखा भार पडला की तीत पाणी धरतं. घरी सुई खुपसली तर जंतू आत जाऊन पू व्हायचा. पडला होतात का?

ए-२०३ काकू: पडले कसले! पंधरा दिवस रोज रात्री सोसायटी ऑफिसच्या काचेच्या टेबलावर कोपर रोवून, तळहातावर गाल ठेवून व्हाउचरं तपासतायत.

बी-५०४ ताई: सापडलं! ह्याला स्टुडंट्स एल्बोच म्हणतात. टेकणं बंद. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून तीनदा. चोळायचं नाही. उतरायला काही आठवडे लागतात.

ए-२०३ काका: मला शुगर आहे. यूरिक ॲसिडही वाढलं होतं मागे.

बी-५०४ ताई: हे आधी सांगायचं ना! मग फोटोवर भागणार नाही, उद्याच ऑर्थोपेडिककडे जा. गाऊटनेही, म्हणजे यूरिक ॲसिड वाढून होणाऱ्या संधिवातानेही, हीच पिशवी सुजते, आणि शुगर असली की जंतुसंसर्गाची भीती जास्त. गरज वाटली तर ते पाणी काढून तपासायला पाठवतील; जंतू आहेत की यूरिक ॲसिडचे खडे, ते कळतं. वेदनाशामक गोळीही त्यांना विचारूनच. रात्रीत लाल झालं, ठणकलं, ताप आला तर सकाळपर्यंत थांबू नका.

ए-४०२ काकू: मग आंबेहळद?

बी-५०४ ताई: आत्ता नको काकू. पिवळ्याखाली लाली दिसायची नाही.

सी-१०१: सुईचं मागे घेतो.

सेक्रेटरी: काका, फाईल राहू दे. टेबलावर जुन्या योगा मॅटचा तुकडा टाकतो.

ए-२०३ काका: जुनाच टाका. नवा आणलात तर व्हाउचर लागेल.