डबल यलोचा गोळा: ड्रायव्हर बदलून उपयोग नाही

ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये डबल यलो, म्हणजे एकाच सिग्नलात लागलेले दोन पिवळे दिवे, लांबून एकच फुगलेला गोळा दिसतो अशी तक्रार आहे, आणि त्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर बदला असा सल्ला कुणीतरी दिलाय. मला नाही पटत. ड्रायव्हरची गडबड असती तर इंजिनाचा हेडलाइटही बिघडला असता; इथे फक्त सिग्नल फुगतायत. आधी ऑप्शन्समध्ये 'सिग्नल लाइट ग्लो'ची खूण काढून बघा. सिग्नल दुरून दिसावा म्हणून ओपन रेल्स त्याच्याभोवती जादा प्रभा घालतं. काही रूटमध्ये (गेममधल्या रेल्वेमार्गात) तो बनवणाऱ्याने ही प्रभा आधीच घातलेली असते, मग दोन्ही मिळून नुसता भगभगाट. त्यात आपल्या भारतीय रेल्वेच्या चार दिव्यांच्या सिग्नलात वरून पिवळा, हिरवा, पिवळा, लाल असा क्रम. दोन पिवळ्यांच्या मध्ये विझलेल्या हिरव्याएवढीच जागा, ती भरून जायला कितीसा ग्लो लागतो!

खूण काढल्यावर उलटी तक्रार येऊ शकते, की आता लांबचा सिग्नल दिसतच नाही. तसं झालं तर खूण परत लावा आणि रूटच्या सिग्नलांची माहिती असलेल्या सिगसीएफजी.डॅट (sigcfg.dat) फाइलमध्ये फक्त त्या सिग्नलच्या प्रकाराखाली ओआरटीएसडेग्लो (ORTSDayGlow) आणि ओआरटीएसनाइटग्लो (ORTSNightGlow) या ओळी घाला. दिवसाचा आणि रात्रीचा ग्लो वेगळा ठरवता येतो, शून्य म्हणजे ग्लो बंद. मूळ फाइलला मात्र हात लावू नका. रूटच्या फोल्डरात ओपनरेल्स (OpenRails) नावाचा सबफोल्डर करून तिथे प्रत ठेवा आणि बदल त्या प्रतीत करा; सोबत सिग्नलांच्या स्क्रिप्टच्या सिगएससीआर.डॅट (sigscr.dat) फाइलचीही प्रत ठेवा. ओपन रेल्स आधी तिथली फाइल उचलतं, आणि त्याच रूटवर जुन्या एमएसटीएसमध्ये (मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर) खेळणाऱ्यांचं काही बिघडत नाही.